मागच्या दारचा वास

मी धवलेरी. गाणी म्हणून लग्नं लावायची हे माझं काम; हरवलेले नवरे शोधायचं नाही. पण आमच्या साखरशेत पाड्यात चैतीच्या लग्नात तेही माझ्याच गळ्यात पडलं.

चैती म्हणजे माझ्या शेजारच्या लाडकीची लेक. लाडकीचा नवरा जिवा काही वर्षांपूर्वी जव्हार दरबारच्या सागाच्या गाड्यांबरोबर बंदराकडे गेला तो गेलाच. कोणी म्हणे तापानं मेला, कोणी म्हणे मुंबईला हमाली करताना दिसला. लाडकीनं कुंकू पुसलं नाही, बांगड्या उतरवल्या नाहीत. कोणी बोललंही नाही, कारण तोवर कुणाचं काही अडत नव्हतं.

आता अडलं. आमच्यात लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात आणि त्यात पालघाट देवी बसवतात. तो चौक सवाशिणीनं लिहायचा, म्हणजे जिचा नवरा जिवंत आहे तिनं. लेकीचा चौक आपल्या हातानं लिहायचा हे लाडकीनं चैती रांगत होती तेव्हापासून मनात धरलं होतं.

आणि नेमका त्याच दिवसांत तो वास सुरू झाला.

दिवेलागण झाली की तिच्या मागच्या दारातून यायचा. गोड, जड, डोकं धरायला लावणारा. लाडकीनं तो पहिल्याच संध्याकाळी ओळखला. टेकडीपलीकडच्या पाणथळीत जांभळाच्या झाडांवर एक पांढरं रानफूल येतं. मातीत मूळ नाही, फांदीला बिलगून जगतं. आम्ही त्याला सांजफूल म्हणतो. दिवसा नाकाला लावलं तरी वास नाही, सूर्य बुडाला की सुटतो. त्या दलदलीत संध्याकाळचं कोणी जात नाही. जिवा जायचा. लग्न झालं त्या वर्षी तुरे आणून लाडकीच्या अंबाड्यात खोचायचा. एवढं कौतुक मला तेव्हाच बघवलं नव्हतं.

"सकूबाय, वास तर त्याच फुलाचा," लाडकी मला म्हणाली, "पण फूल कुठंच नाय. पाणथळ टेकडीपल्याड. मना काय समजं नाय गे."

मलाही समजेना. दिवसा आम्ही परसात शोधलं. कुंपण पाहिलं, गोठा पाहिला, शेणकईचा खड्डासुद्धा उकरला. काही नाही. संध्याकाळी पुन्हा वास. लाडकी मागचं दार उघडं टाकून बसायची. भाकर निवायची, चैती हाका मारून थकायची. कधी लाडकीच्या तोंडावर हसू असायचं, कधी ती चैतीला जवळ ओढून धरायची. तिला विचारलं तर म्हणायची, आनंद होतो का भीती वाटते तेच कळत नाही.

मग तुका भगत आला. त्यानं सुपात दाणे टाकले, दिवा लावला, घुमला आणि सांगितलं, "वास हाय नि फूल नाय. म्हंजे जीव हाय नि माणूस नाय. जिवा मेला. पोरीच्या लग्नाला त्याचा जीव आलाय. लाडके, तू चौकाला हात लावू नको. बांगड्या उतरव."

माझं डोकं फिरलं. "तुका, तुझ्या नाकाला गेली चार वर्षं सर्दी आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे," असं मी तोंडावर बोलले. पण खरं सांगायचं तर मीही चरकले होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. तुकाला खोटं म्हणावं तर वासाचं काय सांगावं? खरं म्हणावं तर या बाईच्या बांगड्या मी कोणत्या हातानं उतरवू?

चौकाच्या आदल्या संध्याकाळी मी लाडकीला दंडाला धरून परसात नेलं. म्हटलं, डोळ्यांनी पुष्कळ शोधलं, आता नाकानं शोधू. दोघी कुत्र्यांसारख्या हुंगत निघालो. गोठ्यामागच्या उंबराखाली वास इतका दाट झाला की मला ठसका लागला.

लाडकीनं लुगडं खोचलं आणि उंबरावर चढली. वरच्या बेचक्यात, दाट पानांत, सांजफुलाचा गड्डा होता. दिवसा खालून बघणाऱ्याला बांडगूळ वाटावं असा. जांभळाच्या तुटक्या फांदीसकट कोणीतरी तो आणून उंबराला बांधला होता.

"लाडके, काय दिसतं?"

तिनं गाठ चाचपली. मग म्हणाली, "दोर म्हणून केवणीची साल हाय. ओली हाय अजून. नि गाठ डावऱ्या हाताची."

आमच्या पाड्यात डावखुरा एकच होता. कुडाच्या, भाऱ्याच्या, बैलाच्या दाव्याच्या त्याच्या उलट्या गाठी सोडताना आम्ही सगळ्यांनीच त्याला शिव्या घातल्या आहेत.

मला आधी आनंदच झाला. "मेला नाही गे! जिता आहे! तू सवाशीण आहेस!"

लाडकी खाली उतरली. तिनं उंबरापासून मागच्या दारापर्यंतचं अंगण पाहिलं. एवढंसं अंगण, म्हातारी शेळीसुद्धा एका दमात ओलांडेल.

"इथवर आला," ती म्हणाली. "मना चौक लिहिता यावा म्हणून जिता असल्याची खूण ठेवून गेला. घरात नाय आला. सकूबाय, मी हसू का रडू, तू सांग."

मेला असता तर त्याच्यासाठी रडता आलं असतं. आता गाठ दाखवली तर चौक मिळणार होता, पण नवरा दारापर्यंत येऊन परत गेला हे साऱ्या पाड्याला कळणार होतं. लपवली तर अब्रू राहणार होती, विधवेची.

सकाळी लाडकीनं स्वतःच तुकाला बोलावलं, पंचांना बोलावलं, बायकांनाही. गाठ उंबरावरून न सोडता एकेकाला वर चढून बघायला लावली. तुका उतरला तो खाली मान घालून. बायकांत कुजबूज झाली, कुणी फिस्सकन हसलंही. लाडकी ते ऐकत उभी राहिली. मग तिनं पीठ कालवलं, काडी घेतली आणि चौक लिहिला. तिचा हात कुठंही हलला नाही. पालघाट देवी इतकी देखणी मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिली नाही. मी गाणं धरलं.

दिवेलागणीला मांडवात पाहुणे जमले. मागून वास आला. चैतीनं मान वळवून बापाची वाट बघितल्यासारखं मागच्या दाराकडे पाहिलं. लाडकी नवरीला हळद लावत होती. तिनं हात थांबवला नाही, नुसतं मला म्हणाली,

"सकूबाय, मागचं दार लाव गे. वास येतो."

मी उठले आणि दार लावलं.