बेसिनमधला गोतावळा

वॉर्डातली तीन बाळं एकाच आठवड्यात तापली, एकही अँटिबायोटिक लागू पडेना, आणि मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणे, मावशींच्या हातांनी पसरलं! मावशी म्हणजे मी, बाळांच्या वॉर्डातली आया. इथे येऊन आठच महिने झालेत, पण त्याआधी एकोणीस वर्षं दुसऱ्या वॉर्डात याच हातांनी माणसं सांभाळली. आता नोकरी जाणार, असं हेडसिस्टरने कानात सांगितलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"घ्या ना माझ्या हातांचा नमुना," मी म्हटलं. "पण एकटीचा नको. तुमच्याही हातांचा घ्या, पाळण्यांचा घ्या, बेसिनच्या जाळीखालचाही घ्या."

"मावशी, आता तुम्ही आम्हाला शिकवणार?"

"शिकवते की. फी पण मागत नाही."

हेडसिस्टर तोंडाला पदर लावून हसली. डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं, आणि लॅबमधली चष्मेवाली पोरगी कापसाच्या काड्या घेऊन कामाला लागली.

पाचव्या दिवशी तिने कागद आणला. डॉक्टरांनी वरच्या चार ओळी वाचल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघा! मावशींच्या हातावरचा जंतू आणि बाळांचा जंतू, एकच!"

खरं सांगते, माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे मीच? मीच त्या चिमण्या जिवांना हे दिलं?

"सर, खाली वाचा," चष्मेवाली म्हणाली. पोरीने कागदावर बोटच ठेवलं. "जंतूचा जिनोम म्हणजे त्याच्या जनुकांचं अख्खं पुस्तक. आम्ही ते अक्षरन् अक्षर वाचलं. जंतू वाढताना मधूनच एखादं अक्षर चुकतं, आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत उतरते. चुका जुळवल्या की कोण कोणापासून झालं ते कळतं. बेसिनच्या नळीत आजी-आजोबा, काका, मामा, सगळा गोतावळा आहे. बाळांकडे आणि मावशींच्या हातावर त्यातली फक्त शेंडेफळं. नळ सोडला की जाळीतून शिंतोडे उडतात, त्यांतून आलेली. लॅबच्या फ्रीजरमध्ये दोन वर्षांपूर्वीचा बेसिनचा नमुना होता, त्यातही हेच घराणं. तेव्हा मावशी या वॉर्डात नव्हत्याच."

"मग औषधं का चालेनात?" हेडसिस्टरने विचारलं.

"सलाईनमधलं उरलेलं अँटिबायोटिक आपण कुठे ओततो?"

सगळे जमिनीकडे बघायला लागले. मला असलं जमत नाही. "बेसिनमध्ये," मी म्हटलं. "मीही ओतलंय. रोज थोडं थोडं पाजून आपणच त्यांना पैलवान केलंय."

चष्मेवालीने मान डोलावली. पुस्तक वाचून तिने अजून चालेल असं एक औषध शोधलं होतं. त्याने दोन बाळं दुसऱ्याच दिवशी दूध ओढायला लागली. तिसरं काचेच्या पेटीत तसंच निपचित पडलेलं, आणि त्याची आई दाराबाहेर उभी.

"ठीक आहे मावशी, विषय संपला," राउंडला येऊन डॉक्टर म्हणाले. "लागा कामाला."

"आणि बेसिन?"

"मंजुरी लागते. पुढच्या महिन्यात बघू."

अरे वा रे वा! माझं नाव धुऊन निघालं की झालं? मी खाली बसले, बेसिनखालचा कॉक गच्च पिळून पाणी बंद केलं, उठून बेसिनची जाळी प्लास्टिकने झाकली आणि वर चिकटपट्टीचे सात-आठ पट्टे मारले. मग बाहेरच्या बेसिनवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि परत आले.

डॉक्टर लालबुंद. "कोणाला विचारून केलंत हे?"

"कोणालाच नाही. तुम्ही विचारून या ना," मी म्हटलं. "त्या पेटीतल्या बाळाची आई दाराबाहेरच आहे. तिला सांगा, पुढच्या महिन्यात बघू."

डॉक्टर दारापर्यंत गेले. कडीवर हात ठेवला, पण दार काही त्यांच्याने उघडवेना.