एकतीस अंशांचा निळा

"पाण्यात नाही!" वन्सं एवढ्या जोरात ओरडल्या की माझ्या हातातल्या वाडग्यातलं कोमट पाणी ओट्यावर सांडलं.

"अहो, नुसती बोटं बुडवा. रंग बदलतो की नाही ते तरी कळेल."

"पाण्यात बुडवलं तर कुणाचाही बदलतो, वहिनी. नेलपॉलिश लावून लोक काय दिवसभर वाडग्यात हात घालून बसतात?"

मी ओटा पुसला आणि कांदे चिरायला घेतले. वन्सं खिडकीपाशी टेबलावर दोन्ही पंजे पसरून नखांकडे बघत बसल्या. नखं गडद निळी होती. ऊब लागली की तो निळा विरून जवळजवळ पांढरा व्हायला हवा होता, असं बाटलीवर लिहिलं होतं. दोन दिवस झाले होते आणि तो तसूभरही हलला नव्हता.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची धाकटी बहीण. वय चौपन्न, लग्न केलं नाही, सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर नोकरी. दिसायला तुमच्या-आमच्यासारख्या, स्वभावाने जरा तिखटच. पण हात! लांबसडक बोटं, निमुळती नखं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हाच मनात म्हटलं होतं, देवाने हिच्या बाबतीत सगळं लक्ष मनगटाच्या पुढेच दिलेलं दिसतंय. खिडकीच्या काचेखालून कागद सरकवताना लोक आधी त्यांचे हात बघायचे, मग तोंड. नंतर केव्हातरी त्यांनी इंटरनेटवर 'नखभर' नावाचं पान सुरू केलं. त्यावर नेलपॉलिशची परीक्षणं. त्यांचा चेहरा तिथे कधी दिसला नाही, नाव नाही, फक्त हात. अकरा वर्षं झाली. हजारो बायका ते वाचतात म्हणे. आमचे हे म्हणायचे, "आमच्या घरात एकच माणूस प्रसिद्ध आहे, तेही मनगटापर्यंत."

पण थट्टा वेगळी आणि काम वेगळं. एकेक बाटली दोन दिवस हातावर, बसमध्ये, खिडकीवर, घरी. गारठ्यातून आत आल्यावर रंग किती मिनिटांत बदलला, ते पेन्सिलीने वहीत. बाकीच्या परीक्षणवाल्या गरम पाण्यात बोटं बुडवून चटकन व्हिडिओ काढतात, त्याला वन्सं नाटक म्हणायच्या. माणसाच्या अंगच्या उबेने बदलला तरच तो बदलला. या नियमापायी त्यांनी कुणाची भीडभाड ठेवली नाही, आणि म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन होतं.

या वेळच्या सहा बाटल्या एकटीने धंदा करणाऱ्या एका बाईच्या होत्या. मी तिला बाटलीवाली म्हणायचे. बाई रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती. कारखाना बंद पडला, तेव्हा घरामागच्या गॅरेजात स्वतःच नेलपॉलिश बनवायला लागली. बाटल्यांवरची चिठ्ठीसुद्धा हाताने लिहिलेली, अक्षर शाळेतल्या बाईंसारखं. पाच रंग बदलले. थोडे रेंगाळत, पण बदलले. राहिला हा चौथा, निळा.

त्याच दिवशी, रविवारी दुपारी, वन्संनी लिहून टाकलं. मला वाचूनही दाखवलं. "बाटली क्रमांक चार. रंग देखणा, लावायला सुरेख, पण बदलत नाही. बदलणारा म्हणून विकणं ही ग्राहकाची फसवणूक आहे."

"फसवणूक जरा जास्त होतंय," मी म्हटलं.

"मग काय म्हणू? गंमत?"

मंगळवारी सकाळी बाटलीवालीचा फोन आला. वन्संच्या नखांवरचा लेप ओला होता, म्हणून फोन मीच उचलून मोठ्या आवाजावर लावला.

"मॅडम, माझी एक विनंती आहे," ती म्हणाली. आवाज शांत होता, पण श्वास लागल्यासारखा. "बदलत नाही असं लिहिलंत ते राहू द्या. फसवणूक तेवढं काढा. तो रंग एकतीस अंशांना बदलतो, बाकीचे पाच पंचविसाच्या आतबाहेर. मी माझ्या हातावर बघितला, शेजारणीच्या हातावर बघितला, टपाल घेऊन येतो त्या माणसालासुद्धा लावला."

"माझ्या हातावर दोन दिवस बघितलाय," वन्सं म्हणाल्या.

"तुमची बोटं गार असतात का हो, मॅडम?"

"माझ्या बोटांचं मी बघीन."

"तसं नाही. एका मोठ्या दुकानाने सहाही रंग ठेवायचं कबूल केलं होतं. त्यांच्या बाई तुमचं वाचतात. शुक्रवारपर्यंत थांबते म्हणाल्या, नंतर नाही. माझं दुसरं काही नाही हो, हेच आहे."

"सॉरी. मी लिहिलेलं बदलत नसते," वन्सं म्हणाल्या आणि मला फोन बंद करायची खूण केली.

त्या दिवशी त्या डबा न घेताच कामावर गेल्या.

आता माझा प्रताप सांगते. बुधवारी दुपारी घरात मी एकटी. टेबलाच्या खणात ती निळी बाटली पडलेली. तीस वर्षांत वन्संनी मला कधी एक नख रंगवून दिलं नव्हतं. एकदा मीच हौसेने हात पुढे केला तर म्हणाल्या होत्या, "तुमच्या हातांना काय लावायचं, वहिनी, भांड्याला कल्हई?" मी हसले होते, पण विसरले नव्हते. तर काढली बाटली आणि लावला डाव्या हाताच्या दोन बोटांना. वाळल्यावर बटाटे सोलायला बसले. चौथा बटाटा हातात घेतला आणि बघते तर दोन्ही नखं पांढरी! निळ्याचा मागमूस नाही. हात गार नळाखाली धरला, निळी झाली. पदराला पुसून मूठ मिटली, पुन्हा पांढरी. मी आपली पोरासारखी चार वेळा उघडमीट करून बघितली.

आधी मला हसू आलं. खोटं कशाला सांगू, आसुरी आनंदच झाला. सापडल्या एकदाच्या वन्सं! पण मग तो ओसरला आणि एकेक गोष्ट डोळ्यापुढे यायला लागली. चहा संपला तरी कप सोडायचा नाही. ब्लाउजची बटणं लावताना मला हाक मारायची, "नखं ओली आहेत, जरा लावा." रोज कशी ओली असतील नखं? मागच्या थंडीत त्यांच्या बोटांची टोकं मेणासारखी झालेली मी बघितली होती आणि त्या म्हणाल्या होत्या, "खिडकीवरचा एसी मेला माझ्याच डोक्यावर आहे."

संध्याकाळी वन्सं घरी आल्या. बोलावं तर त्यांचा जीव जाईल, गप्प बसावं तर त्या गॅरेजवालीचा. दोन नखं पदराआड लपवून मी जेवायला वाढलं. ह्यांना काही पत्ता नाही, हे वाढलेलं निमूट जेवतात.

गुरुवारी सकाळी चहाचा कप डाव्या हाताने त्यांच्यापुढे धरला आणि धरूनच ठेवला.

वन्संनी कप घेतला नाही. त्यांनी माझं मनगट पकडलं. त्यांची बोटं एवढी गार होती की मी दचकले.

"हा चार नंबर आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"पाण्यात बुडवलात?"

"वन्सं, तुमची शपथ, बटाटे सोलत होते."

मला वाटलं आता आरडाओरडा होणार. त्या उठल्या आणि वही घेऊन आल्या. माझा हात गॅलरीत गार वाऱ्यात धरायला लावला, आत आणला, घड्याळ लावलं. चार मिनिटं. परत एकदा, साडेतीन. त्यांनी आकडे वहीत लिहिले, मग वहीची मागची पानं चाळायला लागल्या. मी खांद्यावरून बघत होते. तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी जांभळ्या रंगापुढे लिहिलं होतं, पाच मिनिटं. पुढच्या वर्षी, अठरा. मागच्या हिवाळ्यात, पन्नास, आणि त्याच्यापुढे शेरा: "माल हलका." पेन्सिलीचं टोक त्या शेऱ्यावर टेकवून त्या थांबल्या.

"माल हलका नव्हता," त्या म्हणाल्या.

"एसी असेल हो."

"एसी नाही. मागच्या वर्षी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खिडकीतूनच सांगितलं होतं, बाई, तुमची बोटं पांढरी पडतायत, रक्त पोचत नाहीये, आत येऊन दाखवा. बारा पावलांवर त्यांची खोली. मी गेले नाही." त्यांनी वही मिटली. "वहिनी, माझ्याकडे लोकांना दाखवण्यासारखं एवढंच होतं."

मला एकदम रडू आलं. त्या रडल्या नाहीत. मी डोळे पुसत म्हटलं, "मग कशाला गावभर करता? नुसता तो शब्द काढून टाका. बाटली खराब निघाली होती, दुसरी चांगली आहे, असं लिहा. तिचं काम होईल, तुमचंही राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकली की नखं दिसत नाहीत," वन्सं म्हणाल्या. "आणि बाटली खराब नव्हती."

शुक्रवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सकाळी खिडकीपाशी टेबलावर पांढरा कागद अंथरला आणि मला बोलावलं. माझी उरलेली नखं त्यांनी स्वतः रंगवली. माझा हात म्हणजे काय सांगावं, आखूड नखं, अंगठ्यावर विळीची जुनी खूण, बोटांच्या पेरांत बटाट्याचा काळपटपणा. त्यांनी एकेक नख तीन फटकाऱ्यांत भरलं, कडेला लागलेलं काडीने पुसलं, आणि रंग वाळेपर्यंत माझं बोट सोडलं नाही.

"हा हात टाकणार फोटोत?" मी विचारलं. "निदान खूण तरी झाका."

"सरळ ठेवा. हलू नका."

शेजारी त्यांनी आपला हात ठेवला. तोच रंग, त्याच बाटलीतला. माझी पाचही नखं पांढरी, त्यांची पाचही निळी. फोटो काढला, एकच.

मग लिहायला बसल्या. जुनं परीक्षण पुसलं नाही, त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: "बाटली क्रमांक चार बदलते. चूक माझ्या हातांची होती. माझी बोटं आता एकतीस अंशांपर्यंत तापत नाहीत. हे मला आधी कळायला हवं होतं, आणि थोडंफार कळलंही होतं. फसवणूक हा शब्द मी मागे घेते आणि करणारीची माफी मागते. याआधी आणखी तीन जणींच्या रंगांना मी हलकं म्हटलं आहे, तेही चूक. यापुढे उबेने बदलणाऱ्या रंगांचं परीक्षण मी करणार नाही." त्या तिघींची नावं त्यांनी वहीतून शोधून काढून एकेक करून खाली घातली. कुणी विचारलं नव्हतं.

बाटलीवालीला त्यांनी फोन केला नाही, नुसता तो मजकूर पाठवला. दहा मिनिटांत तिचं उत्तर आलं. दुकानाच्या बाईंना दाखवला, त्या हो म्हणाल्या. आणि खाली एक ओळ, "मॅडम, हातमोजे घालत जा." वन्संनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "आता ही मला शिकवणार." पण फोन लगेच खाली ठेवला नाही.

बाकीच्या बायका लिहीत होत्याच. कुणी हळहळल्या, कुणी म्हणाल्या एवढं कशाला सांगायचं, एकीने डॉक्टरांचा पत्ता दिला. तेवढ्यात कुणा नवीन वाचणारीने विचारलं, मजकूर न वाचता नुसता फोटो बघूनच विचारलं असणार: "अय्या, बदललेला किती छान दिसतोय! तो पांढऱ्या नखांचा हात तुमचाच ना?"

मी वाचून दाखवलं आणि म्हटलं, "जाऊ द्या. हिला कशाला उत्तर देता?"

वन्संनी फोन माझ्याकडून घेतला. बोटं आखडली होती, अक्षरं चुकत होती, पुसून पुसून त्यांनी टाइप केलं. मी वाकून बघितलं.

"नाही. तो माझ्या वहिनींचा. निळा माझा."

मग त्यांनी पर्स घेतली, चपला घातल्या आणि दवाखान्यात गेल्या. संध्याकाळी आल्या तेव्हा हातात स्वतःच्या नावाचा केसपेपर होता. म्हणाल्या, पहिल्यांदाच काचेच्या बाहेरच्या बाजूला रांगेत उभी राहिले, पस्तीस मिनिटं.