सगळी उत्तरं चुकीची

"सुई नाही, यंत्र नाही. चित्रं, शब्द, ठोकळे आणि मध्ये चहा," स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी आलेल्या आजींना मी नेहमीप्रमाणे समजावलं. "इथे पास-नापास नसतं."

"आईचं डोकं पार गेलंय, मॅडम," त्यांचा मुलगा त्यांच्यादेखतच म्हणाला. "तसं लिहून द्या, म्हणजे घर माझ्या सहीने विकता येईल." मग आईच्या गालाची पापी घेऊन तो बाहेर गेला.

मी आजींना चित्रं दाखवली. नंतर प्रत्येक चित्र एका नव्या चित्राशेजारी ठेवून विचारलं, आधी कोणतं पाहिलं होतं? नुसत्या अंदाजानेही निम्मी उत्तरं बरोबर येतात. आजींचं एकही आलं नाही. नजर बरोबर चित्रावर जायची आणि बोट दुसऱ्यावर. सगळं चुकायला सगळं आठवावं लागतं.

"आजी, हे कोणी शिकवलं?"

त्या दाराकडे बघत कुजबुजल्या, "त्यानेच. नातीच्या चित्रांच्या पत्त्यांवर सराव घेतला. बरोबर बोट ठेवलं, की त्या दिवशी तिला माझ्याकडे पाठवायचा नाही."

इतक्यात दारातून त्याचं डोकं आत आलं. "काय मातोश्री, लावले का दिवे?" तो हसला. मी दार त्याच्या तोंडावर बंद केलं.

"मी नीट नापास झाले ना?" आजींनी विचारलं. "आज ती येणार आहे."

अहवालात मी 'स्मरणशक्ती शाबूत' असं लिहिलं, खाली मुलाच्या दबावाची नोंद केली. मग नातीबद्दल सांगायला आजींशेजारी जाऊन बसले.