शामरावांचं कार्ड

"बाबा, हे काय आहे?"

रोशनीनं लाकडी खण जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला, तेव्हा शामराव गजभिये शर्टाला इस्त्री करत होते. खण पाहिला आणि त्यांचा हात जागीच थांबला.

"अहो, जळतंय काहीतरी," कौसल्याबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

शर्ट उद्यासाठी होता. उद्या सोमवार, नोएडातल्या नव्या कंपनीत रोशनीचा पहिला दिवस. वयाच्या सव्विसाव्या वर्षी मिळालेली पहिली नोकरी. मयूर विहारहून तिला बसनं पोचवायला आपणच जायचं, हे शामरावांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

तीस वर्षं त्यांनी दिल्लीतल्या एका मंत्रालयाच्या ग्रंथालयात काढली. निवृत्तीच्या वेळी मोडीत निघालेला, पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांचा हा खण त्यांनी मागून घरी आणला. आणि दोन वर्षांपूर्वी मुलीच्या आजाराचं नाव कळलं तेव्हा, कुणाला न सांगता, त्यात कार्डं करायला घेतली.

रोशनीच्या आत आणखी दोघी राहत होत्या. आठ वर्षांची छोटी, जी पलंगाखाली बसून चित्रं काढायची. आणि विजयालक्ष्मी, चाळिशीची, फक्त हिंदी बोलणारी, बापाला नावानं हाक मारणारी. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना शेजारच्या एका माणसानं आठ वर्षांच्या रोशनीशी जे केलं, ते एकट्या मनाला सोसवलं नाही, म्हणून मनानं ते तिघींत वाटून घेतलं, असं मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर चंद्रप्रभा म्हणाल्या होत्या. नागपूरच्या मावशीनं मांत्रिक सुचवला, तेव्हा कौसल्याबाईंनी "आमच्या घरी अंगातबिंगात येत नाही, बाई" म्हणून फोन ठेवून दिला होता.

डॉक्टरीणबाईंनी घराला नवीन रीत लावून दिली. कुणाला हाकलायचं नाही, कुणाला लाडकं करायचं नाही. फ्रिजवर एक वही, तिच्यात तिघींनी एकमेकींना निरोप लिहायचे. मन भरकटू लागलं की पाय जमिनीवर घट्ट रोवायचे, थंड पाण्याचा पेला हातात धरायचा, आज तारीख काय आणि आपण कुठे आहोत हे मोठ्यानं म्हणायचं. दोन वर्षांत वहीची पानं भरत गेली आणि आठवणीतून हरवलेल्या दुपारी कमी होत गेल्या.

रोशनीनं एक कार्ड उचललं आणि वाचू लागली. "विजयालक्ष्मी. वय अंदाजे चाळीस. भाषा हिंदी. माझ्यावर राग. सावध राहावे." तिनं वर पाहिलं. "बाबा, मी काय पुस्तक आहे?"

"तसं नाही गं. मला समजत नाही ते मी लिहून ठेवतो. दुसरं काही येत नाही मला."

रोशनीचे खांदे मागे गेले, हनुवटी वर आली. शामरावांनी ओळखलं.

"किससे सावध, शामराव?" आवाज खालच्या पट्टीतला होता. "उस आदमी का कार्ड कहाँ है? और तुम्हारा? बच्ची ने आवाज़ दी थी. तुम कहाँ थे?"

दोन वर्षं हा प्रश्न ते टाळत आले होते. प्रत्येक वेळी उठून बाल्कनीत जायचे. आज इस्त्री बंद केली, खुर्ची ओढली, खणातलं एक कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं. अक्षर नेहमीसारखं रेखीव आलं.

"शामराव गजभिये. वय त्रेसष्ट. मुलगी हाक मारत होती तेव्हा ग्रंथालयात वाचत बसला होता. घरी उशिरा आला. तिचा चेहरा पाहूनही काही विचारलं नाही."

कार्ड त्यांनी तिच्यापुढे सरकवलं. कौसल्याबाई पिठाच्या हातांनी दारात उभ्या होत्या.

विजयालक्ष्मीनं ते दोनदा वाचलं. मग स्वतःचं कार्ड ओढून 'सावध राहावे'वर काट मारली, खाली हिंदीत लिहिलं, 'रोशनी की रखवाली करती है', आणि पेन टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शामराव इस्त्रीचा डाग पडलेला शर्ट घालूनच दारात उभे होते.

"कुठे निघालात?" रोशनीनं विचारलं.

"बसपर्यंत."

"नाही."

"नोएडापर्यंत नाही येत. नुसतं—"

"बाबा, मी एकटी जाणार."

"आणि रस्त्यात कुणी आलं तर? छोटी आली तर?"

"आली तर आली. पत्ता सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलाय. छोटीनं तर बसचं चित्रसुद्धा काढलंय." ती हसली. "तसे आम्ही तिघी आहोत यार, एकटी कुठे?"

"डबा घे," कौसल्याबाई म्हणाल्या. "तिघींना पुरेल एवढा आहे."

ती जिना उतरून गेली. सोसायटीच्या फाटकाबाहेर ती दिसेनाशी झाली, तसे शामराव बाल्कनीतून आत आले आणि फोनजवळ बसले. पेपर उघडला, एकही ओळ वाचली नाही. साडेनऊ झाले. दहा झाले. "चहा घेता का?" कौसल्याबाईंनी तीनदा विचारलं.

साडेदहाला फोन वाजला.

"शामराव?" आवाज खालच्या पट्टीतला होता.

"जी. बोलतोय."

"रास्ते में बच्ची डर गई थी. बस में भीड़ बहुत थी. मैंने हाथ पकड़ा, खिड़की के पास बिठाया. पहुँच गए हैं. रोशनी अब काम पर बैठेगी. आप खाना खा लेना."

आप. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"कुणाचा आहे?" कौसल्याबाईंनी खुणेनं विचारलं.

शामराव खुर्चीतून उठले. सचिव साहेब ग्रंथालयात आले की उठायचे तसे, ताठ. शर्टाची वरची गुंडी त्यांनी एका हातानं लावली.

"हो जी," ते फोनमध्ये म्हणाले, "जेवतो मी."