ऐन दबीबचं पाणी

लोकांची गुपितं टेरेन्स डाबरेच्या पोटात राहायची, म्हणून सादिक त्याच्याकडे यायचा. एरवी ओमानमधल्या या अल् खुवैरमध्ये फोटो लॅबला काय तोटा होता? पण रोल धुणारा माणूस गिऱ्हाइकाचं सगळंच बघतो. लग्नं, बारशी, भांडणानंतरचे फुगलेले गाल, कुणाच्या गाडीत कोण बसलंय तेसुद्धा. वसईचा हा टेरेन्स बारा वर्षांत कुणाबद्दल चकार शब्द बोलला नव्हता.

सादिक मूळचा रायगडचा, इथल्या मंत्रालयात इंजिनियर, पन्नाशीचा आणि मुलखाचा हट्टी. सुट्टी मिळाली की माणसं गावी जातात. हा आफ्रिकेत चित्ते बघायला जायचा, नाहीतर हजार किलोमीटर गाडी हाणत सलालाहकडच्या डोंगरात. आफ्रिकेतले त्याचे पहिले रोल धुतले तेव्हा टेरेन्सला हसू आवरेना. छत्तीस फोटो, प्रत्येकात नजर पोचेल तिथपर्यंत गवत आणि मध्ये तिळाएवढा चित्ता.

"सादिकभाई, एवढ्या लांब गेलात तर जरा जवळ तरी जायचं."

"जवळ यायचं की नाही ते त्या मादीनं ठरवायचं," सादिक म्हणाला. "आपण इंजिन बंद करून गप बसायचं. तिनं मान वळवून आपल्याकडे बघितलं, तर समजायचं आपण जास्त पुढे आलो. मग मुकाट मागे."

ओमानमधला चित्ता संपून वीसेक वर्षं झाली होती. उरला होता तो बिबट्या, तोही दक्षिणेच्या डोंगरात आणि मोजकाच. त्याच्यासाठी सादिक दगडांच्या आडोशाला चार-चार दिवस पडून राहायचा आणि जागा कुणाला सांगायचा नाही. फक्त रोलच्या डबीवर, स्वतःला आठवावं म्हणून, बॉलपेननं नाव लिहायचा. ते टेरेन्स वाचायचा आणि विसरल्यासारखं करायचा. सादिकची एकच अट होती, जास्तीची प्रिंट काढायची नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या नोव्हेंबरात, एका शनिवारी, सादिक डोंगरातून आला आणि रोल ठेवून घाईनं निघून गेला. चेहरा उतरलेला होता. टेरेन्सनं रोल धुतला. बावीस फोटो नुसते खडक. तेविसावा बघून त्याचा हात थांबला. पाण्याच्या काठावर बिबट्याची मादी, तिच्या पोटाखाली दोन पिल्लं, आणि तिची नजर सरळ त्याच्यावर.

बारा वर्षं त्यानं नवरे-नवऱ्या आणि पासपोर्टचे चेहरे छापले होते. असं काही त्याच्या मशीनमधून कधी निघालं नव्हतं. आठवड्यातली सगळ्यात चांगली प्रिंट मोठी करून शोकेसमध्ये लावायची, ही प्रत्येक लॅबची रीतच. दोनच दिवस लावू, सादिकभाई बुधवारी येणार, तोवर काढून टाकू, असं त्यानं स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर त्याला मिरवायचं होतं.

सोमवारी दुपारी पांढरी लँड क्रूझर दाराशी येऊन थांबली. इंजिन चालूच राहिलं. उतरलेला माणूस चाळिशीचा, स्वच्छ पांढरी दिशदाशा, म्हणजे अरबी पायघोळ झगा, घातलेला, बोलायला अगदी मऊ. आखातातली मोडकी हिंदी त्याला चांगली येत होती.

"ये निमर किधर का है?" त्यानं विचारलं. निमर म्हणजे बिबट्या, एवढं अरबी टेरेन्सला येत होतं.

"कॅलेंडर का फोटो है साब. केनिया."

माणसानं शोकेसच्या काचेवर बोट टेकवलं. मादीच्या मागे एक वाकडं झुडूप होतं, धुपाचा लोबान देणारं. "ये लुबान का झाड़ है. हमारा झाड़. केनिया में किधर होता है?" मग त्यानं पाणी मागितलं, बसून सावकाश प्यायला. "बच्चा दो है. मेरे फार्म के वास्ते बच्चा चाहिए, जिंदा. कल आएगा. जगह बोलना. जगह नहीं मालूम, तो फोटोवाले आदमी का नाम बोलना. तेरा अर्बाब मेरे को अच्छा पहचानता है."

अर्बाब म्हणजे लॅबचा मालक, टेरेन्सचा व्हिसा त्याच्याच हातात. माणसाचा आवाज चढला नाही, हात उगारला नाही. गाडी गेल्यावर टेरेन्सनं फोटो काढून कपाटात कोंबला आणि कपाटाला कुलूप लावलं. आता त्याचा काही उपयोग नव्हता.

संध्याकाळी वादी कबीर भागातल्या घरी त्यानं बायकोला, जसिंताला, सगळं सांगितलं. जसिंता हॉटेलात रिसेप्शनला होती, माणसं ओळखायची तिला सवय.

"सादिकभाईंना फोन कर," ती म्हणाली. "आत्ता. त्यांची ओळख आहे मिनिस्ट्रीत."

"आणि काय सांगू? तुम्ही नको म्हणालात ती प्रिंट मी रस्त्यावर टांगली म्हणून?"

"तेच सांग."

"अगं, अर्बाबनं व्हिसा कॅन्सल केला तर?"

"तो वेगळा प्रश्न आहे, टेरेन्स. तू सादिकभाईंना घाबरतोयस."

ते खरं होतं. त्या मऊ बोलणाऱ्या माणसाची त्याला भीती वाटत होती, पण सादिकसमोर मान खाली घालायची त्याहून जास्त. त्यानं फोन केला नाही. उद्याचं उद्या निस्तरू म्हणत तो जेवायला बसला आणि ताटातलं तसंच ठेवून उठला.

मंगळवारी सकाळभर तो एकच विचार करत होता. खोटी जागा सांगायची, पण कुठली? त्या माणसाला लुबानचं झुडूप ओळखता येत होतं, तेव्हा डोंगरही ओळखीचा असणार. कोरडी घळ सांगितली तर लगेच पकडेल, आणि मग सादिकचं नाव काढून घेतल्याशिवाय सोडणार नाही. जागा अशी हवी जिथे पाणी आहे, कपार आहे, आणि बिबट्या नाही. त्याला गेल्या वर्षीचा एक रोल आठवला. ऐन दबीब. त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाचा झरा. सादिक तिथे पाच दिवस पडून होता आणि साधा कोल्हाही दिसला नाही. छत्तीस फोटो, नुसत्या पाण्याचे.

दुपारी गाडी आली. या खेपेला माणूस बसला नाही.

"ऐन दबीब," टेरेन्स म्हणाला. आपला आवाज दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा त्याला वाटला. "आदमी गोरा था साब, टूरिस्ट. वापस चला गया."

माणूस त्याच्याकडे बघत राहिला. गाडी कुठवर जाते, पाणी बारमाही आहे का, कपार कुठल्या बाजूला, असं एकेक विचारलं. टेरेन्सनं छत्तीसच्या छत्तीस प्रिंटा स्वतःच्या हातानं काढल्या होत्या. त्यानं सगळं बरोबर सांगितलं.

"तमाम, ठीक है," माणूस म्हणाला. "आज ही निकलता है."

गाडी वळणाआड गेली तसा टेरेन्स स्टुलावर बसला. सुटलो, असंच त्याला वाटलं. जाऊ दे त्याला रिकाम्या पाण्यापाशी, बसू दे आठवडाभर. त्या दुपारी तो आदल्या दिवसापासून पहिल्यांदा पोटभर जेवला.

बुधवारी सकाळी सादिक आला तो हसतच. टेरेन्सनं पाकीट पुढे केलं. सादिकनं तेविसावा फोटो काढून टेबलावर ठेवला आणि त्यातल्या नजरेवर बोट ठेवलं.

"हे बघ. माझं पाप. तीस पावलं पुढे सरकलो, या वयात मोह झाला. तिनं बघितलं आणि पिल्लं टाकून निघून गेली. शुक्रवारपासून मला घास गिळत नव्हता. परत नाही आली तर दोन्ही मेली म्हणून समज."

"मग?"

"मुसल्लमचा फोन आला पहाटे. तिथला राखणदार, माझा दोस्त. त्यानं माग काढला. ती परत आली होती, रात्रीतच पिल्लं उचलून डोंगर ओलांडून पलीकडे गेली. तिघंही ठीक आहेत." सादिकचे डोळे भरले होते. आयुष्यात कुणाला जागा न सांगणारा माणूस, आनंदाच्या भरात तो बोलून गेला. "ऐन दबीबला. मी पाच दिवस झक मारली ना, तिथेच."

टेरेन्सला वाटलं, आता गप्प बसलं तर कुणालाच काही कळणार नाही. जसिंतालासुद्धा नाही. मग त्यानं कपाट उघडलं, मोठी प्रिंट काढून टेबलावर ठेवली आणि खाली बघत सगळं सांगून टाकलं. शोकेस, लुबानचं झुडूप, फार्म, ऐन दबीबचं नाव.

सादिक ओरडला नाही. "कधी निघाला?"

"काल. दुपारी दोनला."

सादिकनं घड्याळाकडे बघितलं. सलालाहचा रस्ता त्याला पाठ होता; गाडी एव्हाना डोंगरात पोचली असणार. त्यानं लॅबचाच फोन ओढून मुसल्लमच्या चौकीचा नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजत होती, ती टेरेन्सलाही ऐकू येत होती.

"खोटंच बोलायचं होतं," रिसीव्हर कानाला तसाच धरून सादिक म्हणाला, "तर पाण्याची जागा कशाला सांगितलीस?"

"पाणी नसतं तर त्याला पटलं नसतं, सादिकभाई."

"तिलाही नसतं पटलं," सादिक म्हणाला.

चौकीत फोन कुणी उचलत नव्हतं. सादिकनं नंबर पुन्हा फिरवला.