पिवळी चकती

प्रयोगशाळेत माझं काम फांद्या कापायचं. बागवाले आंब्याच्या काड्या आणून देतात, मी त्यांच्या चकत्या करून वर आयोडीन टाकते. चकती काळीनिळी झाली की फांदीत पिष्ट साठलंय, झाडाला मोहोराचं औषध चालेल. पिवळट राहिली तर नाही. औषध मुळाशी ओतलं की झाडात वाढीचं संप्रेरक बनायचं थांबतं. फांद्या लांबत नाहीत, पानांनी केलेलं अन्न आत साठत जातं आणि पुढे त्याचीच साखर होऊन मोहोर फुटतो. पण साठाच नसेल तर फुटणार कशातून? दमलेल्या झाडाला औषध घालू नका, असं मी सांगते. कुणी हट्टाला पेटला की चांगली फैलावर घेते.

घरामागचा आंबा आमच्या ठकीचा, म्हणजे लेकीचा. लहानपणी तिनेच कोय पुरली होती. नोकरीसाठी लांब गेली तेव्हा म्हणाली, मोहोर आला की येईन. झाड एक वर्ष लगडतं, एक वर्ष विसावा घेतं, त्यामुळे ठकीही वर्षाआडच येते. गेल्या वर्षी झाडाने आणि तिने, दोघांनी घर भरून टाकलं. यंदा मात्र मला धीर धरवेना. तिच्या खोलीतली धुतलेली चादर मी पुन्हा धुवायला काढायचे. फार आठवण येत होती तिची, दुसरं काही नाही.

शेवटी औषधाची बाटली आणली, झाडाभोवती आळं उकरलं. मग हाताला सवय म्हणून एक फांदी कापली आणि ओट्यावर चकती ठेवून थेंब टाकला. पिवळी. दुसऱ्या फांदीची केली, तीही पिवळीच.

हे दारात उभे राहून बघत होते. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान," एवढं म्हणाले आणि पुढचं गिळलं. झाड माझं आहे, माझं मी बघेन, असं मी फणकाऱ्याने सुनावलं. पण बाटलीचं झाकण काही उघडवेना.

मग फोन लावला. इतकी वर्षं मी तिला झाडाचीच खबर देत आले होते. ये, असं कधी म्हटलं नव्हतं. मागे लागणारी आई व्हायचं नव्हतं मला.

"यंदा मोहोर नाही," मी म्हणाले. "तू तरी ये."

ती म्हणाली, "आई, मी सुट्ट्या साठवते गं. मोहोराच्या वर्षी तुझ्याजवळ जास्त राहता यावं म्हणून. गेल्या वर्षी सगळ्या संपवल्या." मग घाईने म्हणाली, "तू म्हणत असशील तर साहेबांच्या हातापाया पडून बघते."

हो म्हण, हो म्हण, असं आतून होत होतं. ओट्यावर पिवळी चकती सुकत पडली होती.

"नको," मी म्हणाले. "साठू दे. पण पुढच्या वर्षी मोहोर आला नाही, तरी ये."

ती हो म्हणाली. मी बाटली ह्यांच्या हातात दिली आणि आळं बुजवायला गेले.