सातवा नियम आणि अकरा बाळं

दर मंगळवारी सकाळी माझ्या अंगणात अकरा आया आणि त्यांची अकरा बाळं जमतात. चौदा वर्षं हे चाललं आहे. जंगली बदामाच्या झाडाखाली चटया टाकायच्या, बाळांना पालथं निजवायचं, गाणी म्हणायची, तेल कसं चोळायचं ते दाखवायचं. आणि आयांना बोलू द्यायचं. खरं काम ते शेवटचंच. बाळ झालं की घरातलं प्रत्येक माणूस बाळाची चौकशी करतं, आईची कोणी करत नाही.

यंदा राजधानीतून एक पुस्तिका आली. माता-बालक गट चालवणाऱ्या व्यक्तींनी कसं वागावं याचे त्रेचाळीस नियम. मी अक्षरं चोपन्नाव्या वर्षी शिकले, त्यामुळे मला पुस्तक चाळता येत नाही. ओळीखाली बोट ठेवून मी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत जाते, कारण मधलं काय सोडलं तर चालतं हे मला कळत नाही. तीन आठवडे लागले.

पुष्कळ नियम शहाणपणाचे होते. आईला तिच्या नावाने हाक मारावी. एकीची गोष्ट दुसरीला सांगू नये. हा जरा जड गेला, पण पटला. काही नियम मात्र आमचं गाव न बघता लिहिलेले होते. बाराव्या नियमात म्हटलं होतं की बाळाला भीती वाटेल असं गाणं म्हणू नये. आमच्या प्रत्येक गाण्यात कोणी ना कोणी कोणाला तरी खातंच. आणि सातवा नियम: आईच्या लेखी परवानगीशिवाय कोणीही बाळाला स्पर्श करू नये. मी अकराही जणींकडून माझ्यापुरत्या सह्या घेऊन ठेवल्या.

तपासणी होणार होती. शंभरात साठ गुण मिळाले नाहीत तर गट बंद, मग आयांनी तालुक्याच्या केंद्रात जायचं. तळ्यातून होडीने अडीच तास. कोण जाणार? यिरलेइस तर नाहीच नाही. सतरा वर्षांची पोर, पाच महिन्यांचा दाइरो, नवरा लांब केळीच्या बागांवर कामाला. पहिल्यांदा आली तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. आठवड्यातून एकदा ती माणसांत येत होती, ती इथेच. तो मंगळवार तिच्या हातून जाऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तपासायला डॉक्टरीण इरेगी आली. औषधपाणी करणारी नव्हे. हातात कागद घेऊन राजधानीतून येईल त्या प्रत्येकाला आम्ही डॉक्टरच म्हणतो. पांढरे बूट चिखलात रुतलेले, पण पाठ ताठ.

"मी इथे नाहीच असं समजा," ती म्हणाली.

"बरं," मी म्हटलं. "मग कॉफी साखरेची की बिनसाखरेची?"

आम्ही बसलो, बाळांना निजवलं. मी नियमाप्रमाणे हात धुतले. सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंना वाटलं की आया जरा बुजल्या आहेत, त्यांना मोकळं करावं. ती दाइरोसमोर वाकली, दोन्ही हात पाठीशी घट्ट बांधले आणि म्हणाली, "अगंबाई, केवढे टपोरे डोळे! असं गोड बाळ मी पाहिलंच नाही!"

आणि तशीच सरळ उभी राहिली.

आमच्याकडे बाळाचं कौतुक केलं की लगेच त्याला हात लावायचा असतो. गालाला, पायाला, कुठेही. नाही लावला तर दृष्ट लागते.

"हात लावा," ओसिरिस म्हणाली. ओसिरिसला हे तिसरं मूल, आणि तिचा आवाज पैलतीरावर ऐकू जातो.

"छे छे," डॉक्टरीणबाई हसली. "परवानगीशिवाय नाही."

यिरलेइसचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टरीणबाईंना वाटलं, कौतुक कमी पडलं. म्हणून ती पुढच्या बाळाकडे गेली. "काय हे केस!" हात पाठीशी. पुढचं. "काय या मांड्या!" हात पाठीशी. मी डोळ्यांनी खुणा केल्या, खोकले, पण ती जणू ओळीने पेरत चालली होती. अकराही बाळांचं असं कौतुक कधी कोणी केलं नव्हतं. आणि एकालाही बोट लागलं नाही.

तेवढ्यात दाइरोने भोकाड पसरलं. त्याचं ऐकून दुसरं, मग चौथं. यिरलेइसने त्याला उचललं. "मी जाते, नीन्या फिदे. मंत्र घालणाऱ्या बाईकडे नेते." माझं वय अडुसष्ट, पण इथे म्हातारीच्या नावाआधी नीन्या लावतात, म्हणजे पोरी. तिच्यामागे आणखी तिघी उठल्या.

डॉक्टरीणबाईंनी लेखणी उघडली. एकोणिसावा नियम: शेवटपर्यंत निदान आठ जणी बसल्या नाहीत तर तो गट धरायचाच नाही.

"थांबा!" मी ओरडले. "कोणी हलायचं नाही. डॉक्टरीणबाई, तुम्हाला या पोरांना हात लावावा लागेल."

"बाई, ही अंधश्रद्धा आहे."

"असेल. पण सहावा नियम सांगतो, कुटुंबाच्या चालीरीतींचा मान राखावा."

तिने पुस्तिका उघडून पाहिलं. होता.

"पण सातव्यात लेखी परवानगी लागते," ती म्हणाली.

"आत्ता देतो!"

वहीची पानं फाडली. माझं लिहिणं म्हणजे जमिनीत एकेक कंद लावणं, म्हणून ज्यांना झरझर येतं त्यांनी इतरांची लिहून दिली. 'माझ्या बाळाला डॉक्टरीणबाईंनी हात लावावा.'

"लावावाच, असं लिही," ओसिरिस म्हणाली.

अकरा कागद झाले. मग डॉक्टरीणबाईंनाच आठवलं, आठवा नियम: प्रत्येक बाळाआधी हात धुवावेत. एक जण भोपळ्याच्या तुंब्याने पाणी ओतायला उभी राहिली.

पहिला दाइरो. डॉक्टरीणबाईंनी एक बोट पुढे केलं आणि त्याच्या अंगठ्याला टेकवून झटकन मागे घेतलं.

"अहो, इस्त्री तापली का बघताय काय?" ओसिरिस म्हणाली. "नीट लावा!"

तिने गालाला हात लावला. दाइरोने तो पकडला, बोट तोंडात घातलं आणि गप्प झाला. दृष्ट उतरली की हिरड्यांना चावायला काही मिळालं, ते मला विचारू नका. यिरलेइस खाली बसली. बाकीच्याही बसल्या.

तिसऱ्या बाळापर्यंत डॉक्टरीणबाई चटईवर आली होती. सहाव्याला तिने आपणहून मांडीवर घेतलं. नववी ओसिरिसची सालोमे. तिने डॉक्टरीणबाईंचा स्कर्ट भिजवून टाकला.

"झालं," ओसिरिस म्हणाली. "आता ती तुमचीच. आणखी दोघं आहेत तिला घरी, न्यायची असली तर."

डॉक्टरीणबाई इतकी हसली की चष्मा पडला. दहावं आणि अकरावं तिने मोजलंसुद्धा नाही, दोन्ही एकदम घेतली.

शेवटी तिने गुणांची बेरीज केली. "सत्तावन्न," ती म्हणाली. "कुंपण नाही, कोंबड्या चटईवर येतात, आणि गाण्यांत मगरीने तिघांना खाल्लं. मी काय करू? माझ्या हातात नाही."

यिरलेइसने माझ्याकडे पाहिलं. मग दाइरोचं दुपटं घडी करायला लागली.

मी पुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं, बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं. माझ्या वाचण्याला वेळ लागतो, पण कोणी घाई केली नाही. "त्रेचाळीस. तपासणी करणाऱ्याने गटाच्या कामात भाग घेऊ नये. घेतल्यास ती तपासणी रद्द समजावी आणि बारा महिन्यांनी दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा करावी. तोपर्यंत गट चालू राहील."

"मी कुठे भाग घेतला?" डॉक्टरीणबाई म्हणाली. तिच्या मांडीवर अजून एक बाळ होतं.

"अकरा कागद आहेत सह्यांचे," ओसिरिस म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग पुस्तिकेकडे. "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"वाचलेलं होतं. आठवलं आत्ता, तुम्ही सत्तावन्न म्हणालात तेव्हा."

"एवीतेवी शेवटपर्यंत कोणी वाचत नाही," ती म्हणाली. "मीसुद्धा नव्हतं वाचलं." तिने अहवालावर आडवी रेघ मारली, खाली 'रद्द' लिहिलं आणि मला म्हणाली, "कुंपण तेवढं घाला, नीन्या फिदे. पुढच्या वेळी येईल तो माणूस फार कडक आहे."

यिरलेइसने दुपटं पुन्हा उलगडलं.

"म्हणजे पुढच्या मंगळवारी आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"किती वाजता?"

"आठ. तू नेहमीसारखी नऊला येशील."